धाकट्याला वजनावर देण्याबाबत

जबाब देणार : अंडीवाली काकू. वय : त्रेचाळीस. धंदा : घाऊक अंडी आणून घरोघर, दुकानांना व संस्थांना पोचवणे. राहणार : बाजारामागची गल्ली, तीन मजली इमारत, वरचा मजला, जिना चढून डाव्या हाताची खोली. कुटुंब : पती. मूलबाळ : अजून नाही.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर असून साहेबांनी विचारल्यावरून, कुणाच्या दबावाशिवाय सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतीसह राहण्यास असून माझे पती ताडपत्री व कॅनव्हासच्या पिशव्या शिवण्याचे काम करतात. हवालदारांनी माझं कागदावरचं नाव विचारलं तेव्हा मलाच क्षणभर आठवावं लागलं, इतकं ते वापरात नाही. म्हणून जबाबात अंडीवाली काकू असंच लिहावं. गल्लीच्या तोंडाशी तेवढं विचारलं तरी घर सापडतं.

आज दुपारी माझ्याविरुद्ध तक्रार आली की, मी व माझे पती घरात दोन मुलं कोंडून ठेवतो, त्यांना उपाशी ठेवतो आणि त्यातलं धाकटं आम्ही विकायला काढलं आहे. तक्रार आमच्या शेजारच्या मेट्रनबाईंनी दिली. त्या मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन होत्या, निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारची खोली घेऊन राहायला आल्या. तक्रार बरीचशी खरी आहे. काल आम्ही धाकट्याला उपाशी ठेवलं आणि त्याला वजनावर देऊन टाकायचं बोललो, हे मी कबूल करते. फक्त ती मुलं नव्हेत. थोरला आणि धाकटा या माझ्या विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बॅटऱ्या आहेत.

इथं हवालदारांनी लिहिणं थांबवलं होतं. मी त्यांना म्हटलं, आधी हसून घ्या, मग लिहा. मला स्वतःला हसू येत नाही त्याचं कारण सांगते. आम्ही बालगृहातली एक मुलगी दत्तक घेण्यासाठी अर्ज केलेला आहे. आमचं घर बघायला बालगृहाच्या ताई या आठवड्यात कधीही येणार होत्या. त्या आजच आल्या, आमच्या दाराला कुलूप होतं, आणि माणसं कशी आहेत ही चौकशी करायला त्यांनी शेजारचं दार ठोठावलं. ते मेट्रनबाईंचं. म्हणजे ठाण्याच्या वहीत आज मूल विकणारी बाई म्हणून मी चढले, आणि अर्जावर ज्यांची शिफारस लागते त्या ताई ते चढताना समोर उभ्या होत्या. ताई आत्ता याच खोलीत बाकावर बसलेल्या आहेत. या जबाबाची नक्कल आमच्या अर्जाला जोडली जाणार आहे. तेव्हा मी मुळापासून सांगणार, आणि ते तसंच लिहून घ्यावं.

अंड्यांचा धंदा मी लग्न झाल्यापासून करते. आधी माझ्याकडे पेट्रोलची जुनी स्कूटर होती. ती सुरू व्हायची तेव्हा गल्लीतल्या खिडक्या थरथरायच्या आणि चालायची तेव्हा मागचे ट्रे. घरून जेवढी अंडी निघाली तेवढीच गिऱ्हाइकाकडे पोचली, असं एकदाही झालं नाही. फुटकी आम्ही दोघं खायचो. काही वर्षं आमच्या घरात दुसरं काही शिजतच नव्हतं. शिवाय पेट्रोलची रांग, आणि त्या रांगेत उन्हात उभी अंडी. शेवटी मी विजेची स्कूटर घेतली. धंद्यातल्या लोकांनी मला वेड्यात काढलं. माझे थोरले दीर म्हणाले, खेळणं छान आहे, चावी देऊन फिरवतेस का?

विकणाऱ्यानं सांगितलं होतं की एकदा भरली की शहराला दोन चकरा मारून येईल. ते खरं असेल, पण माणूस बारीक, रस्ता सपाट आणि वारा पाठीमागून असेल तर. वर बसलेली मी (माझं वजन जबाबात लिहू नये), मागे ट्रेची चळत आणि वाटेत पाण्याच्या टाकीचा चढ, एवढं सगळं धरलं तर एकच चकर, तीही देव पावला तर. पहिल्याच आठवड्यात त्या चढावर तिनं मान टाकली. ढकलत आणत होते तर समोरून नेमके दीर आले. चावी द्यायची राहिली का, म्हणाले.

भरायची कुठं हा पुढचा प्रश्न. खाली गाड्या लावतो तिथं प्लग नाही. इमारतीच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, तुम्हाला एकीला दिला तर उद्या सगळे मागतील. सगळे म्हणजे कोण ते त्यांनी सांगितलं नाही, कारण गल्लीत विजेची गाडी माझी एकटीचीच होती आणि आहे. मोठ्या दुकानांच्या आवारात गाड्या भरायची सोय झाली असं ऐकून तिकडे गेले, तर तिथला वॉचमन म्हणाला, ही चारचाकीची आहे, तुमचं तोंड बसणार नाही. त्याला प्लगचं तोंड म्हणायचं होतं. तेव्हा बॅटरी काढायची आणि तीन जिने चढून घरी न्यायची, हाच मार्ग उरला. अकरा किलोचं ओझं आहे. बाळंतपणाशिवाय कंबर गेली, असं मी तेव्हा सगळ्यांना हसत सांगायचे.

त्यात लाईटचा भरवसा नाही. संध्याकाळी बॅटरी लावावी, निजावं, आणि सकाळी बघावं तर तिच्या पोटात काहीच नाही. त्या दिवशी अंडी डोक्यावर. म्हणून वर्षभरानं दुसरी बॅटरी घेतली. एक गाडीत, एक घरी, आलटून पालटून. आधीचीला थोरला म्हणायला लागलो आणि नंतरचीला धाकटा. बॅटरी ही बाई असते हे मला कळतं, पण आमच्या घरात ते दोघे पुरुष आहेत.

गल्लीतल्या मेकॅनिकनं एकदा सीट उचलून आत डोकावून पाहिलं. बराच वेळ काही शोधत होता. मग म्हणाला, यात बिघडण्यासारखं काही दिसत नाही, मग आम्ही खायचं काय? त्याचंही बरोबर आहे. पण माझं म्हणाल तर मी समाधानी आहे. अंडी फुटत नाहीत. पेट्रोलची रांग सुटली. कुत्री मागे लागत नाहीत, कारण त्यांना मी आलेलीच कळत नाही. गिऱ्हाइकांनाही कळत नाही, म्हणून दारात जाऊन मला ओरडावं लागतं, पण ओरडायचं मला काही वाटत नाही.

साहेबांनी मध्येच विचारलं की, मग घ्यावी का अशी गाडी? हे जबाबात घेऊ नका असंही ते म्हणाले. मी सांगितलं, ज्याचा रस्ता ठरलेला आहे आणि ज्याच्या घरात जिने चढायला तयार असलेलं माणूस आहे, त्यानं बेलाशक घ्यावी. ज्याला सकाळी माहीत नसतं की आज कुठं जायचंय, त्यानं घेऊ नये. पोलिसांनी घेऊ नये. साहेब विचारात पडले.

बॅटऱ्यांना थोरला-धाकटा का म्हणता, असं साहेबांनी विचारलं. सुरुवात माझ्या पतींनी केली. ओझं उचलताना खांद्याला पट्टा असावा म्हणून त्यांनी दोघांना कॅनव्हासच्या बंड्या शिवल्या, बंद लावले, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून छातीवर जाड लाल दोऱ्यानं नावं घातली. नाव आलं की हाक आली. आमच्या लग्नाला वीस वर्षं होतील. इतकी वर्षं घरात हाक मारायला मला हे आणि ह्यांना मी. तिसरं कुणी मिळालं, मग ते डब्यासारखं का असेना, माणूस हाक मारतोच. याहून मोठं कारण मला देता येत नाही.

आता बॅटरी सांभाळायचे काही नियम असतात. बाहेरून आली की लगेच लावायची नाही, आधी अंग गार होऊ द्यायचं. गच्च भरायची नाही. पार रिकामी होऊ द्यायची नाही. उन्हात ठेवायची नाही. हेच आमच्या घरातल्या भाषेत बोलायचं आणि भिंतीपलीकडे बसून ऐकायचं. धाकटा तापलाय, त्याला इतक्यात खायला घालू नको. थोरल्याला उन्हातून आत घे. लाईट नाही, आज दोघंही अर्धपोटी. आमची खोली आणि मेट्रनबाईंचं स्वयंपाकघर यांची भिंत एकच आहे आणि वर झरोका आहे. मी पहाटे बाहेर पडते, हे त्यांच्या शिवणाच्या दुकानात जातात, दाराला दिवसभर कुलूप. बाईंना आमच्या दारात मुलं कधी दिसली नाहीत. म्हणून त्यांचा संशय फिटला नाही, उलट पक्का झाला. मुलं कोंडलेली आहेत म्हणूनच दिसत नाहीत, असं त्या समजल्या.

मुलीबद्दल ताईंना माहीत आहे, पण जबाबात यावं म्हणून सांगते. बालगृहात आठवड्यातून दोनदा अंडी माझ्याकडून जातात. तिथं एक सात वर्षांची मुलगी आहे. गाडीचा आवाज आला की ती कानावर हात घेते. पाण्याचा टँकर आत आला की कॉटखाली जाते आणि तो गेल्यावरही बराच वेळ बाहेर येत नाही. त्यामागचं कारण मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एकदा मी अंडी उतरवत होते. मागे वळून पाहिलं तर ती पायरीवरून खाली आलेली, हात स्कूटरच्या सीटवर.

ती म्हणाली, "ही बंद आहे?"

मी म्हटलं, चालू आहे. मग ओरडत का नाही, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हिला ओरडायची सवय नाही, हिच्या वाटचं मीच ओरडते. ती हसली. समोरचे दोन दात पडलेले होते. त्या दिवसापासून मी गेले की ती फाटकाशी असते, आज कोण आलंय, थोरला की धाकटा, असं विचारते, सीट उचलून बंडीवरचं नाव स्वतः वाचते आणि एक ट्रे दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरापर्यंत नेते. आजवर तिच्या हातून अंडं फुटलेलं नाही. माझ्या हातून फुटली आहेत.

एके दिवशी तिनं विचारलं, हे दोघे घरी कुठं झोपतात? मी सांगितलं, खिडकीखालच्या कोपऱ्यात, तिथं वारा येतो आणि ऊन येत नाही, घरातली सगळ्यात चांगली जागा त्यांना दिली आहे. तिनं त्यावर थोडा विचार केला.

मग म्हणाली, "तिथं अजून जागा आहे का?"

मी ट्रे मोजायला लागले आणि ते मोजलेलेच होते. परतताना दुकानात जाऊन मी ह्यांना सांगितलं. हे मशीनवर बसले होते. मशीन थांबलं नाही, पण पुढची शिवण पार वाकडी गेली, ती नंतर पूर्ण उसवावी लागली. त्याच आठवड्यात आम्ही अर्ज केला.

काल संध्याकाळची हकीकत अशी की, गेले काही दिवस धाकट्याच्या अंगात जोर राहिलेला नव्हता. तासन्‌तास लावून ठेवला तरी चढावर धाप टाकायचा. ह्यांनी वाटेत बॅटरीच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, जुनी असेल तर वजनावर घेतो, नवीच्या किमतीत तेवढं वळतं करतो, आणि दाखवायला आणाल तेव्हा रिकामीच आणा. आमचं बोलणं पुढीलप्रमाणे झालं. हे म्हणाले, धाकटा आता कामाचा राहिला नाही, देऊन टाकू, वजनावर घेतात. मी म्हटलं, आणि थोरला? हे म्हणाले, तो राहू दे, अजून दोन वर्षं ओझं ओढेल. मी म्हटलं, मग आज धाकट्याला काही घालू नको, उद्या सकाळी नेऊन दाखवते. पुढे हे म्हणाले की, नवी बॅटरी महाग आहे, परत पेट्रोलचीच घ्यायची का? मी म्हटलं, छे, मुलीला आणायचंय ना आपल्याला? तिच्यासाठी काय वाटेल ते देऊ.

हे सगळं झरोक्यातून पलीकडे गेलं. बाईंनी त्याची बेरीज अशी केली की, ही माणसं धाकटा मुलगा किलोवर विकून मुलगी आणणार आहेत आणि थोरल्याला कामाला जुंपलेलं आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही तीच बेरीज केली असती. बाईंनी ताईंसमोर सांगितलं की, खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी रात्रभर भिंतीला कान लावला, पण मुलाच्या रडण्याचा आवाज आला नाही आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

आज सकाळी मी थोरल्याला गाडीत बसवून आणि धाकट्याला पायाशी ठेवून निघाले, अंडी वाटली आणि बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं धाकट्याला यंत्रावर लावलं, आकडे पाहिले, मग सोबत नेलेला माझा चार्जर मागितला. चार्जरची पिन आतून सैल झाली होती. थोरल्याची खोबण घट्ट असल्यानं त्याला ती लागायची, धाकट्याला नुसती टेकायची. म्हणजे रोज रात्री तो ताटावर बसत होता आणि उपाशी उठत होता, आणि आम्ही त्यालाच नावं ठेवत होतो. दुकानदारानं पिन बदलून दिली. धाकटा ठणठणीत आहे, याला इतक्यात कुणाला देऊ नका, असं तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी दुकानातच त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणजे धाकट्याच्या.

दुपारी इमारतीत आले. थोरला गाडीतच होता. धाकट्याला बंडीचा पट्टा खांद्यावर घेऊन कडेवर घेतला, वरून ओढणी टाकली, कारण ऊन होतं. जिना चढताना मी त्याच्याशी बोलत होते हे खरं आहे. मी म्हणत होते, चल बाबा, नाही द्यायचं तुला, आपल्या घरीच राहायचं, आता पोटभर जेव. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वर पाहिलं तर दारासमोर हवालदार, एक महिला शिपाई, मेट्रनबाई आणि ताई. बाईंच्या पायात चप्पल नव्हती. ठाण्यापर्यंत जाऊन आल्या होत्या त्याही तशाच.

बाई माझ्या कडेवरच्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाच तो. हाच धाकटा."

महिला शिपायांनी मला जागीच थांबायला सांगितलं आणि कडेवरचं त्यांच्याकडे द्यायला सांगितलं. मला काहीच समजेना. मी म्हटलं, घ्या, पण सांभाळून, पडला तर फुटतो. हे वाक्य माझ्या बाजूनं गेलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी, मान सावरून घेतात तसं घेतलं, ओढणी बाजूला केली. मग हवालदारांनी बंडीवरचं नाव मोठ्यानं वाचलं.

घरात जाऊन पाहणी झाली. खिडकीखालचा कोपरा, लाकडी पाट, प्लग आणि माझ्या पतींनी शिवलेली एक जादा रिकामी बंडी, एवढं आढळलं. कपाटात लहान मुलीचा एक फ्रॉक आढळला, त्यावर कागदी लेबल तसंच आहे. तो कुणाचा, असं विचारल्यावर मी सांगितलं की, तो कुणाचा नाही, मी मापाच्या अंदाजानं घेऊन ठेवला होता. ताईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि घडी मोडू न देता परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपलं घर या कारणासाठी बघायला यावं आणि सोबत पोलीस असावेत.

तक्रार वहीत चढलेली असल्यानं जबाब घेणं भाग आहे असं साहेबांनी सांगितलं, म्हणून आम्ही सगळे इथं आलो. माझे पती दुकान बंद करून मागाहून आले. त्यांना निरोप मिळाला होता की, काकूंना पोलिसांनी धरलंय, धाकटाही सोबत आहे. त्यांनी आत येऊन आधी मला पाहिलं, मग टेबलावर ठेवलेल्या धाकट्याला पाहिलं, आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं की, बॅटरीचं बिल घरी आहे.

हसणं झाल्यावर ताई म्हणाल्या की, गैरसमज त्यांना कळला, पण एक अडचण राहते. मूल जिथं झोपणार तिथं बॅटऱ्या भरायला लावता येणार नाहीत, हा बालगृहाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. आम्हाला खोली एकच. खिडकीखालचा कोपरा मुलीला दिला तर या दोघांना कुठं ठेवणार? मी म्हटलं, जिन्यात ठेवू. ताई म्हणाल्या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात? हे म्हणाले, दुकानात ठेवू. मी म्हटलं, दुकानात ताडपत्र्या आणि कापडाचे तागे, ठिणगी उडाली तर? मग हे हळू आवाजात म्हणाले की, स्कूटर विकून टाकू, पेट्रोलचीच घेऊ. कुणाला दिसो न दिसो, मला त्या वेळी ती मुलगी कानावर हात घेऊन उभी दिसली. गाडी ठेवली तर मुलगी येत नाही, मुलगी आली तर गाडी राहत नाही, आणि पेट्रोलच्या गाडीवर ती बसणार नाही. मला रडू आलं. जबाबात असं लिहितात की नाही माहीत नाही, पण आलं.

मेट्रनबाई तोपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. तक्रार मागे घेता का असं साहेबांनी दोनदा विचारलं होतं, तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. आता त्या उठल्या.

बाई म्हणाल्या, "माझ्या गॅलरीत प्लग आहे. वर पत्रा आहे, ऊन येत नाही. पन्नास मुलींची जेवणं आणि झोपायच्या वेळा सांभाळल्यात मी. या दोघांना माझ्याकडे द्या."

मी म्हटलं, बाई, लाईटबिल आम्ही देऊ. त्या म्हणाल्या, ते नंतर बघू, पण माझ्याकडे कुणी उपाशी राहणार नाही. माझ्या पतींनी त्यांना नम्रपणे सांगितलं की, गच्चही भरायचं नसतं, थोडी भूक राहू द्यायची असते. बाई म्हणाल्या, ते मला शिकवू नका, आणि मूल अशक्त दिसलं की आधी ताट तपासावं, मग मुलाला बोलावं, एवढं तुम्ही शिका. ह्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. दोघांना कुठल्या वेळी आणायचं, किती वाजता परत न्यायचं, हे बाईंनी तिथंच ठरवून टाकलं. उशीर झालेला त्यांना चालत नाही.

बाईंविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. चोरून ऐकलं म्हणून जिन्यात मला त्यांचा संताप आला होता. पण भिंतीपलीकडचं, न पाहिलेलं मूल विकलं जातंय असं वाटून जी बाई अनवाणी ठाण्यापर्यंत धावते, तिच्या शेजारी मूल वाढवायला मिळत असेल तर मी घर बदलणार नाही. उलट माझी विनंती आहे की त्यांची तक्रार वहीत तशीच राहू द्यावी आणि तिचीही नक्कल आमच्या अर्जाला जोडावी.

शिफारस काय करणार ते ताईंनी सांगितलेलं नाही. तसं इथं सांगता येत नाही आणि वरच्या कमिटीचंही बघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं नाही. उद्या बालगृहात अंडी पोचवायचा दिवस आहे, धाकटा कालपासून उपाशी आहे, त्यामुळे मला लवकर सोडावं अशी माझी साहेबांना विनंती आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. ऐकताना एका ठिकाणी मी त्यांना थांबवलं. पहिल्या परिच्छेदात त्यांनी मूलबाळ : नाही, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, नाहीच्या आधी एक शब्द घालायचा राहिला आहे. साहेब म्हणाले, जबाबात आज जे आहे तेवढंच लिहितात, आणि मागाहून शब्द घातला तर त्याच्या शेजारी जबाबदार माणसाची सही लागते, ती कोण करणार? यावर ताई बाकावरून उठल्या आणि त्यांनी हवालदारांकडे पेन मागितलं.

तो एक शब्द व त्याशेजारची ताईंची सही धरून वरचा सगळा मजकूर मी सांगितला तसाच लिहिलेला आहे, तो खरा आहे, आणि यातलं एक अक्षरही आता मला बदलायचं नाही.